उजवा कोपरा

दरवर्षी डिसेंबर उजाडला, की आमच्या कपाटातून दोन वस्तू बाहेर निघतात. एक माझा मफलर आणि दुसरी माझी वही. मफलर आमच्या मंडळींनी स्वतःच्या हाताने विणलेला असल्यामुळे त्याच्या रंगाविषयी मी मौन पाळतो. वहीविषयी मात्र आज चार शब्द लिहिणार आहे.

नागपूरच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षे मुलांकडून कवायत करून घेतली, कबड्डीचे संघ बांधले आणि शिट्ट्या वाजवून वाजवून पुढचे दोन दात सैल करून घेतले. निवृत्त झालो तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि एक काम तेवढे माझ्याकडेच राहिले. आसपासच्या गावांत जाऊन शाळकरी मुलांचे सामने पाहायचे आणि यातला कोण पुढे कॉलेजच्या संघात उभा राहील, ते लिहून द्यायचे. आमच्या हाती देण्यासारखे काय असते म्हणाल, तर दोन मुलांना फी माफ आणि वसतिगृहात एक खाट. पण रामटेकपासून उमरेडपर्यंत त्या एका खाटेसाठी मुले घाम गाळतात. त्यामुळे वही उघडताना माझा हात जरा जडच होतो.

वहीत रकाने आहेत. उंची, वजन, पाय, हात, दम, डोके. सर्वांत शेवटी एक अरुंद रकाना आहे, त्यावर मी ‘घर’ असे लिहिले आहे.

माझा एक भाचा टेक्सासात असतो. त्याला तिकडच्या फुटबॉलचे वेड लागले आहे. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे. अंडाकृती चेंडू छातीशी धरून पळायचे, आणि बचावाच्या पहिल्या रांगेत जी धिप्पाड मुले उभी असतात, त्यांनी समोरच्या तितक्याच धिप्पाड मुलांची भिंत फोडून चेंडूवाल्याला लोळवायचे, असा तो प्रकार. या रांगेतल्या शाळकरी मुलांना तिकडची कॉलेजे शिष्यवृत्ती देऊन उचलतात. कोणी त्यांच्या सामन्यांच्या फिल्मा पाहतो, कोणी हाताची लांबी फितीने मोजतो, कोणी चाळीस यार्ड धावायला किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहतो, आणि अखेर मुलाच्या नावापुढे तारे लागतात. पाच तारे म्हणजे साऱ्या देशातली मोजकी रत्ने. भाच्याने एकदा फोनवर विचारले, “मामा, तुम्ही काय मोजता?”

“पोळ्या,” मी म्हणालो.

तो हसला. मी विनोद केला नव्हता. सतरा वर्षांचा मुलगा आज किती भरतो याला फारशी किंमत नाही. दोन वर्षांनी तो किती भरेल हे ओळखायचे असते. मनगटाची आणि घोट्याची हाडे रुंद असतील, बाप उंच असेल आणि ताटात डाळ-अंडी पडत असतील, तर साठ किलोचा मुलगा पंचाहत्तरचा होतो. ताट रिकामे असेल, तर साठाचा अठ्ठावन्न होतो. ‘घर’ हा रकाना त्यासाठी.

चढाई करणारा मुलगा पारखायला मोठी अक्कल लागत नाही. तो एकटा निघतो, सगळे गाव त्याच्याकडे पाहत असते, आणि तो परत आला की नाही हे पान लावणाऱ्या टपरीवाल्यालासुद्धा कळते. पकड करणाऱ्याचे तसे नसते. त्यातून कोपऱ्यावरच्या मुलाचे काम फारच चमत्कारिक. सात जणांच्या साखळीत दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या शेजारी दोन ‘इन’, मग दोन ‘कव्हर’ आणि मधोमध एक. कोपऱ्यावरच्याने अर्धा सामना नुसते उभे राहायचे असते. चढाई करणारा बोनस रेषेवर पाय टाकून त्याला भुलवतो, हात नाचवून चिडवतो. जो भुलतो आणि आधी झेपावतो, तो बाद होतो. जो थांबतो, त्याला शेवटी एकच क्षण मिळतो. समोरच्याने परत फिरण्यासाठी अंगाचा भार एका पायावर टाकला, की दुसऱ्या पायाचा घोटा! घोटा हातात आला, की मग बाकीचे सहा जण धावून येतात आणि शाबासकी बहुधा त्यांनाच मिळते.

म्हणून मी कोपऱ्याकडे पाहतच नाही. मी चढाई करणाऱ्याकडे पाहतो. तो ज्या बाजूला जायचे टाळतो, त्या बाजूला काहीतरी आहे असे समजावे.

या थांबण्याची किंमत लोकांना उशिरा कळली. बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत १९९० साली कबड्डी आली, तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके आपलीच होती. २०१८ साली जकार्ताला उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले. आपल्याकडे नामवंत चढाईपटूंची वाण नव्हती, पण त्या दिवशी त्यांना घरी परतता येईना. २०२३ साली हांगझोऊला त्याच इराणला हरवून आपण पदक परत मिळवले खरे, पण धडा मिळायचा तो मिळाला होता. प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात, २०१४ साली, सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार होता आणि त्याची बोली होती १२ लाख ८० हजार. २०२३ साली पुण्याच्या संघाने इराणच्या शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. तो चढाईही करतो, पण त्याचे नाव झाले ते डाव्या कोपऱ्यावर. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला, तेव्हा त्यांच्या पदरी काय पडले असेल कोण जाणे. पैसे तर खास नव्हेत.

तर गेल्या वर्षी, २०२४ च्या डिसेंबरात, एका रविवारी मी बुटीबोरीला गेलो. मेट्रोने खापरीपर्यंत आणि पुढे एसटीने. वर्धा रोडवर नागपूरपासून तीसेक किलोमीटरवर हे गाव. मूळची नुसती बोरी; नागपूरच्या बुटी घराण्याची मालगुजारी म्हणून बुटीबोरी झाली. शिर्डीत साईबाबांची समाधी ज्या वाड्यात आहे, तो बांधणारे गोपाळराव बुटी याच घराण्यातले. आता बुटीबोरी म्हटले, की लोकांना एमआयडीसी आठवते. रस्त्याच्या एका अंगाला कारखान्यांची धुराडी आणि दुसऱ्या अंगाला कपाशीची शेते, असे ते दृश्य आहे. पाळी बदलायच्या वेळी चौकात मोटारसायकलींचा असा लोंढा येतो, की माझ्यासारख्या म्हाताऱ्याने रस्ता ओलांडण्याचा बेत रहित करून तर्रीपोहे खावेत हे बरे. मी तेच केले.

सामने शाळेमागच्या मातीच्या मैदानावर होते. चुन्याच्या रेषा मारलेल्या, सुतळीला पताका लावलेल्या. नारिंगी बनियनमधला एक चढाईवाला फारच रंगात होता. मुलगा देखणा, पायात वीज. वहीत त्याचे नाव मी पाच मिनिटांत लिहिले. मग लक्षात आले, की हा बहाद्दर बावीस वेळा आत गेला, पण आपल्या डाव्या हाताला, म्हणजे समोरच्यांच्या उजव्या कोपऱ्याकडे, फक्त दोनदा वळला. दोन्ही वेळा परत आला नाही.

उजव्या कोपऱ्यावर एक सावळा, लांब हातांचा मुलगा उभा होता. त्याचे नाव मी येथे देणार नाही. आपण त्याला कोपराच म्हणू. गुडघे किंचित वाकलेले, टाचा मातीवरून केसभर उचललेल्या, नजर समोरच्याच्या कमरेवर. हातांवर नजर ठेवणारा मुलगा फसतो, कारण हात खोटे बोलतात. कंबर बोलत नाही. एवढे या मुलाला कोणी तरी शिकवले होते. आणखी एक गोष्ट मला आवडली. शेजारच्या ‘इन’चा हात तो इतरांपेक्षा लवकर सोडत होता. साखळीला चिकटून राहणारा कोपरा उशिरा पोचतो. मी वहीत लिहिले: ‘पाय मोकळे. साखळी वेळेवर सोडतो. डोके उत्तम.’

सामना संपल्यावर त्यांचा शिक्षक पुढे आला. तिथली मुले त्याला भाऊ म्हणतात. दिवसा एका कारखान्याच्या फाटकावर ट्रकांच्या पावत्या तपासतो आणि संध्याकाळी मुलांना खेळवतो. माझ्या पाया पडून म्हणाला, “ओळखलं काय सर?”

“नाही बुवा.”

“तुमच्या वहीत आहो मी. दोन हजार चार साल. मी बी उजवा कोपराच होतो जी.”

घरी आल्यावर मी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. मंडळींनी विचारले, की रात्री दहा वाजता धूळ झटकण्याची ही कोणती तऱ्हा? २००४ च्या वहीत, माझ्याच अक्षरात, एक ओळ होती. ‘उजवा कोपरा, बुटीबोरी. वजन ५२. पकड चांगली. अंगात काही नाही. पुढे टिकणार नाही.’ ‘घर’ या रकान्यात काही लिहिलेले नव्हते. म्हणजे मी विचारलेच नव्हते.

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही, हे कबूल करतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. एका सामन्यावरून मुलगा उचलू नये असा माझा नेम आहे. पहिल्या सामन्यात आपण गुण पाहतो आणि दुसऱ्यात दोष. या वेळी कोपऱ्याने तीन घोटे धरले, एक सुटला. पण मला काही तरी खुपत होते. समोरचा उंच मुलगा दोनदा त्याच्या अगदी अंगावरून गेला. मांडीला मिठी घालायची सोपी संधी होती, कमरेला घालायची होती. याने दोन्ही सोडल्या. धरायचा तेव्हा खालीच, घोट्यालाच, आणि पहिला जायचा तो उजवा हात. आता उजव्या कोपऱ्यावरच्या मुलाला चढाई करणारा डाव्या बाजूला असतो. जवळचा हात डावा. हा दूरचा हात का नेतो?

मग उरलेला सारा वेळ मी त्याच्या डाव्या हाताकडेच पाहत बसलो. तो हात खांद्याच्या वर एकदाही गेला नाही. आणि साखळीत ‘इन’च्या हातात असतो तोही डावाच! ज्याला मी पंधरा दिवसांपूर्वी ‘वेळेवर सोडतो’ म्हणून शाबासकी दिली होती, तो हात ओढ बसण्याच्या भीतीने सुटत होता.

सामन्यानंतर मी मुलाला मैदानाकाठच्या कडुनिंबाखाली बोलावले. गळ्यातला मफलर काढून त्याच्या हाती दिला आणि म्हटले, “हा त्या फांदीवर टाक बरे.”

त्याने उजव्या हातात घेतला.

“डाव्या हाताने.”

मुलाने एकदा भाऊकडे पाहिले आणि मफलर माझ्या हातात परत दिला. तो काहीच बोलला नाही. बोलला तो भाऊ.

“मार्चात उतरला होता खांदा, सर. मीच बसवला. मग दोनदा अजून उतरला. त्याला डाव्या कोपऱ्यावर उभा करणार होतो, पण कोपरा बदलला असता तर चार लोकांनी विचारलं असतं, कामून बदलला.”

“मला तरी सांगायचे!”

“तुमाले?” भाऊ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “मी बावन्न किलोचा होतो ते तुमाले आपल्या आप दिसलं. याचं तरी दिसू नये म्हटलं.”

यावर मी काय बोलणार? २००४ साली मी एक आकडा पाहिला आणि माणूस खोडला. त्या माणसाने वीस वर्षांनी माझ्यापासून दुसरा दोष लपवला, तर मला रागवायचा अधिकार कुठला? पण लपवून भागणारही नव्हते. कॉलेजच्या सामन्यांत ऐंशी किलोचे गडी अंगावर येतात. तिथे तो खांदा पहिल्याच महिन्यात गेला असता.

मुलाच्या घरी गेलो. दोन खोल्या, वर पत्रे. बाप सुताच्या कारखान्यात कंत्राटी कामावर. पाळी करून नुकताच आला होता. आईने बसायला चटई टाकली आणि “चहा मांडते, साखर चालते ना जी?” म्हणून आत गेली. मी सगळे सांगितले. बाप शांतपणे ऐकत होता. मग त्याने जे विचारले, ते माझ्या वहीच्या कोणत्याच रकान्यात बसणारे नव्हते.

“सर, तुम्ही कागदावर लिहिणार, का याचा खांदा कच्चा आहे. बरं. कॉलेजनं नाही घेतलं, तर याले माझ्याच कारखान्यात जायचं आहे. तिथं बाचक्या उचलायचं काम आहे. ही गोष्ट गावात झाली, तर कंत्राटदार घेईल काय याले?”

चहा आला. फार गोड होता. मी तो सगळा प्यालो.

जानेवारीत मुलाला नागपुरात हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. बापाचा एका दिवसाचा पगार बुडाला. डॉक्टर भला माणूस. फोटो काढले, हात वर करून बाहेर वळवून पाहिला, तेव्हा मुलाने ओठ दाताखाली धरला. या वयात खांदा एकदा निखळला, की तो पुन्हा निखळण्याची शक्यता पुष्कळ असते, असे त्यांनी समजावून सांगितले. हात वर आणि बाहेर ओढला गेला की धोका. आधी काही महिने व्यायाम, खांद्याभोवतीचे स्नायू बळकट करायचे. जमले नाही तर शस्त्रक्रिया. तोपर्यंत सहा महिने एकही पकड नाही.

बाहेर रस्त्यावर उसाचा रस पिताना मी मुलाला म्हटले, “हे मला लिहावे लागेल.”

त्याने ग्लास खाली ठेवला. “लिहा सर. पण पकडी बी लिहा.”

एकतीस वर्षांत मी शेकडो मुलांविषयी लिहिले. बहुतेकांविषयी एकेक ओळ. या मुलाविषयी दोन पाने झाली. डावा खांदा कच्चा आहे, तीनदा निखळला आहे, हे मी पहिल्याच वाक्यात घातले. मग दोन सामन्यांतल्या पकडी लिहिल्या, कोणत्या क्षणी काय केले ते लिहिले. एका हाताने खेळूनसुद्धा याने समोरच्याला आपल्या बाजूला येऊ दिले नाही, तो बावीस चढायांचा हिशेब लिहिला. उजवा कोपरा सोडून याला डाव्या कोपऱ्यावर उभे करावे असे सुचवले, कारण तिथे साखळीत आणि पहिल्या झेपेला चांगला हात येतो. मनगटाची हाडे रुंद आहेत, बाप उंच आहे, ताट बेताचे आहे, म्हणून खाट द्यावी, असा शेवट केला. नारिंगी बनियनवाल्याविषयीही लिहिले. तो मुलगा गुणी आहे आणि त्याच्यावर अन्याय करून मला याचे भले करायचे नव्हते.

जूनमध्ये निर्णय झाला. दोघांनाही फी माफ. खाट नारिंगी बनियनला. मी भांडलो, पण निवृत्त माणसाचे भांडण लोक फार सौजन्याने ऐकून घेतात, एवढेच. “अजून खेळू शकत नाही त्याला खाट कशी देणार, सर?” असे मला विचारण्यात आले. प्रश्न चुकीचा होता असेही म्हणता येत नाही. मुलगा आता पास काढून रोज बुटीबोरीहून एसटीने येतो. सकाळचा डबा दुपारपर्यंत गार होतो. अंडी उकडायची सोय मी आमच्या घरी केली आहे. मंडळी म्हणतात, मफलरापेक्षा हे बरे काम निघाले.

परवा सप्टेंबरात कॉलेजच्या मैदानावरून जात होतो. संघाचा सराव आटोपला होता. कोपरा एकटाच मागे राहिला होता. पकडीची परवानगी त्याला अजून नाही. मैदानाच्या डाव्या टोकाजवळच्या लोखंडी खांबाला त्याने पंचा बांधला होता आणि त्याचे दुसरे टोक उजव्या हातात धरले होते. तो पंचा म्हणजे ‘इन’. समोर कोणी नव्हते. दोन पावले पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, नजर कोणाच्या तरी कमरेवर. मग पंचा सोडून उजवा हात खाली, आणि पुन्हा जागेवर.

मी झाडाखाली उभा राहून मोजत होतो. पंचा तो अजून लवकरच सोडतो.

“थांब जरा,” मी ओरडलो. “आणखी एक श्वास धर. आता कोण ओढणार आहे तुला?”

त्याने मान डोलावली आणि पुन्हा खांबाकडे गेला. मी घड्याळ पाहिले. बुटीबोरीची सहाची गाडी केव्हाच निघून गेली होती.